गाडीचं सर्व्हिसिंग आणि दारातली डिलिव्हरी : टिप कुणाला, किती आणि कशी?

ताळेबंद (धागालेखक)

टिपेचा विषय निघाला की "मनाला वाटेल तेवढं द्या" इथे येऊन गाडी अडते. मनाला वाटण्यात समोरच्याचा चेहरा, बोलणं, आपला त्या दिवसाचा मूड असं सगळं येतं आणि ज्याने खरंच पाठ मोडून काम केलं तो बाजूला राहतो. म्हणून नियमच मांडतो, पटला नाही तर फाडा.

जे कष्ट बिलात धरलेले नाहीत त्यांना टिप. धरलेत, त्यांना नाही.

सर्व्हिसिंगचं बिल घ्या. पार्ट्स, ऑइल-ग्रीससारखं किरकोळ सामान आणि लेबर. मेकॅनिकचे कष्ट लेबरमध्ये आले, विषय संपला. सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे गाडी घेताना कामं लिहून घेणाऱ्याला, तर अजिबात नाही. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीची फवारणी अशी जादा कामं जॉबकार्डवर चढवण्याबद्दल पुष्कळ वर्कशॉपमध्ये त्याला इन्सेंटिव्ह असतो. वर आपण टिप द्यायची म्हणजे आपलंच बिल फुगवल्याचं बक्षीस दोनदा. उरले दोघं : गाडी धुणारा-पुसणारा, आणि घरून गाडी नेऊन परत आणून देणारा ड्रायव्हर. त्यांना जरूर द्यावी.

डिलिव्हरीत टक्केवारी विसरा. हातात मावणारा फोन आणि एक लिटर पाण्याच्या बारा बाटल्यांचे दोन खोके, यात फोनची किंमत कितीतरी पट, पण खोक्यांचं वजन 24 किलो. टक्के धरले तर फोन आणणाऱ्याला घबाड आणि खोके वाहणाऱ्याला चिल्लर. त्यापेक्षा स्वतःचा एक आकडा ठरवा. तळमजल्यावर आलेलं जेवण, हवा बरी : तो आकडा एकदा. लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्याच्या वर, किंवा वजन 10 किलोच्या पुढे, किंवा मुसळधार पाऊस : दुप्पट. यातलं दोन-तीन एकत्र आलं तर तिप्पट. पगारी कुरिअरवाला लिफाफा देऊन गेला तर काही नाही, नुसते आभार.

ग्रीसवाला_हात

मेकॅनिकबद्दल साफ असहमत. लेबरचा आकडा बिलावर दिसतो म्हणून तो मेकॅनिकच्या खिशात जात नाही. त्यातून जागेचं भाडं, लिफ्ट, स्कॅनर, मालकाचा नफा सगळं निघतं.

जिथे फ्लॅट रेट आहे, म्हणजे प्रत्येक कामाला आधीच ठरलेले तास, तिथे तर मेकॅनिकला घड्याळाचे तास मिळतच नाहीत, पुस्तकातले मिळतात. पुढच्या ब्रेक पॅडला समजा एक तास लिहिलाय. कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन गंजून जाम झालीय. पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, मुरू द्यायचं, थोडी मागे थोडी पुढे फिरवत काढायची, भोक साफ करायचं, नवं ग्रीस भरायचं. अडीच तास गेले तरी पैसे एका तासाचे. जोर लावला तर पिन आत तुटते आणि अख्खं ब्रॅकेट बदलावं लागतं, ते मात्र तुमच्या बिलावर. म्हणजे ज्याने धीर धरला त्याने तुमचे पैसे वाचवले आणि स्वतःचे घालवले. हे कष्ट कुठल्या रकान्यात धरलेत, दाखवा.

वायरिंगचं याहून वाईट. हेडलाइट लावले की मीटरवरचे दिवे लुकलुकतात, पण वर्कशॉपमध्ये आणलं की सगळं ठीक. शेवटी निघतं काय, तर अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलीय तिथे रंगाखाली गंज. शोधायला अर्धा दिवस, दुरुस्तीला सँडपेपरचा तुकडा. बिल बघून गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशाला इतका वेळ? आणि काम वॉरंटीतलं असेल तर मंजूर तास बहुधा आणखी कमी.

ॲडव्हायझरबाबत मात्र ताळेबंद यांच्याशी शंभर टक्के सहमत.

आता पद्धत, कारण इथेच घोळ होतो. काम सुरू व्हायच्या आधी पैसे द्यायचे नाहीत, ते "माझी गाडी आधी घे" असं होतं आणि दुसऱ्याची गाडी मागे पडते. कपहोल्डरमध्ये नोट ठेवून जाऊ नका. शहाणा मेकॅनिक ती उचलत नाही, चोरीचा आळ कोण घेईल? ॲडव्हायझरच्या हाती दिली तर पोचेलच असं नाही. जॉबकार्डवर मेकॅनिकचं नाव किंवा नंबर असतो. गाडी ताब्यात घेताना टेस्ट ड्राइव्हला त्यालाच बोलवा आणि टिप हातात द्या. वर्कशॉपमध्ये मनाई असेल तर फीडबॅक फॉर्ममध्ये नावानिशी लिहा, आणि "छान सर्व्हिस" असं गुळमुळीत नको. कुठला आवाज होता, आधी कुणाला सापडला नव्हता, याने कसा काढला ते लिहा. तसा कागद पगारवाढीच्या वेळी दाखवता येतो.

टिपकागद

दोघंही चुकीच्या माणसाकडून पैसे मागताय. कष्ट बिलात धरले नसतील तर ते बिलात धरायला लावा. गिऱ्हाइकाने खिशातून भोक बुजवलं की मालकाला बुजवायची गरजच राहत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय किमान रोख वेतन ताशी 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेवढंच. इतरांना 7.25. मधलं अंतर गिऱ्हाइकाच्या टिपेने भरायचं, नाही भरलं तर मालकाने, असा कायदाच आहे. डिलिव्हरीचं बघा. ॲमेझॉन फ्लेक्सच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीने ॲमेझॉनचा माल पोचवणाऱ्या, ड्रायव्हरांना सांगितलं होतं की टिप शंभर टक्के तुमची. 2016 च्या अखेरीपासून 2019 पर्यंत टिपेचा काही भाग कंपनी स्वतःच्या देण्यात वळता करत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये 6 कोटी 17 लाख डॉलर परत करायला लावले. टिप देणाऱ्याला वाटत होतं ड्रायव्हरला जातेय, प्रत्यक्षात ती कंपनीचा खर्च उचलत होती.

तुमची एकपट-दुप्पट-तिप्पट म्हणजे तर अन्यायाचं वेळापत्रकच. चौथ्या मजल्याचं जादा शुल्क ॲपने आकारावं आणि डिलिव्हरीवाल्याला पूर्ण द्यावं. ज्याच्याकडे सुटे नाहीत किंवा दानत नाही, त्याच्या दारात गेलेल्याने काय पाप केलंय?

चौथामजला

टिपकागद, मुद्दा रास्त आहे, पण आज संध्याकाळी भिजत वर आलेल्या माणसाला "कायदा बदलेपर्यंत थांब" असं सांगणार का? आणि कायद्याचं उदाहरणही तुमच्या बाजूने जात नाही. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून मालकाला टिपेतला एक पेनीही ठेवता येत नाही, टिप मिळाली त्याच्या पुढच्या महिनाअखेरीपर्यंत ती वाटावी लागते. टिप बंद न करता गळती बंद केली.

आता डिलिव्हरीतले बारकावे, कारण वर ते कुणीच घेतले नाहीत.

टिप आधी द्यायची की नंतर, हा खरा प्रश्न. बऱ्याच ॲपमध्ये ऑर्डर देतानाच टिप विचारतात. तिथे ती टिप उरत नाही, बोली होते : ड्रायव्हरला ऑर्डर स्वीकारण्याआधी एकूण रक्कम दिसते आणि कमी रकमेची ऑर्डर एकाकडून दुसऱ्याकडे टोलवली जाते, तेवढ्यात जेवण निवतं. उलट बाजूने गिऱ्हाईकही खेळतं. मोठी टिप लावून ऑर्डर पटकन उचलायला लावायची आणि माल हाती पडला की टिप काढून टाकायची. इन्स्टाकार्ट या अमेरिकेतल्या किराणा पोचवणाऱ्या ॲपने 2020 मध्ये टिप बदलायची मुदत तीन दिवसांवरून 24 तासांवर आणली, ती अशाच तक्रारींनंतर. म्हणून ॲपमध्ये बोलीची पद्धत असेल तर आधी थोडी लावा आणि दारात उरलेली द्या. नसेल तर सगळी नंतरच.

उशीर झाला म्हणून टिप कापताना आधी नकाशा बघा. ठिपका हॉटेलपाशी वीस मिनिटं हललेला नसेल तर उशीर स्वयंपाकघराचा, आणि त्या थांबण्याचे त्याला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत किंवा फारच थोडे मिळतात. ठिपका निघून दुसऱ्याच गल्लीत गेला तर एका फेरीत दोन ऑर्डरी कोंबल्यात, ते ॲपनेच ठरवलेलं असतं. सांडलेलं सार हे बहुधा पॅकिंगचं पाप असतं, झाकणाला टेप नसते. तारे कापायचेच तर हॉटेलचे कापा. डिलिव्हरीवाल्याची सरासरी ठरावीक आकड्याखाली गेली की काम कमी मिळतं किंवा खातंच बंद होतं, त्यामुळे रागाच्या भरात दिलेला एक तारा त्याला टिप न मिळण्यापेक्षा महाग पडतो.

रोख की ॲपमधून? रोख थेट हातात पडते, ऑर्डर रद्द झाली किंवा परताव्याचा वाद झाला तरी परत जात नाही. पण कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर बिलाची आणि टिपेची रक्कम वेगळी द्या आणि तोंडाने सांगा, "हे बिलाचे, हे तुमचे." एकत्र नोटा कोंबल्या की तो सुटे काढत बसतो, आणि संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर फरक त्याच्या माथी. क्यूआर कोड स्कॅन करणार असाल तर पडद्यावर त्याचं नाव येतंय की कंपनीचं, ते बघूनच पैसे पाठवा.

ताळेबंद

चौथामजला, तारे आणि नकाशाचा मुद्दा धाग्यात वर असायला हवा होता, तो जोडतो. ब्रिटनच्या कायद्याला मात्र एक मोठं भगदाड आहे : तो कामगारांना लागू आहे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करणाऱ्यांना नाही, आणि ॲपवरचे डिलिव्हरीवाले बहुतांशी त्याच खात्यात मोडतात.

ग्रीसवाला, फ्लॅट रेटवरचा मेकॅनिक आणि निव्वळ मासिक पगारावरचा मेकॅनिक असा फरक करायला मी तयार आहे. पहिल्याला जाम पिन किंवा सापडत नसलेला दोष अशा वेळी द्यावी. दहा हजार किलोमीटरच्या ठरल्या सर्व्हिसला, जिथे ऑइल, फिल्टर आणि तपासणी एवढंच असतं, तिथे दोघांनाही नको. त्यात लेबर पुरेसं असतं.

ग्रीसवाला_हात

एवढं चालेल. गाडी धुण्याबद्दल एक भर. रांगेत तीन-चार जण असतात : एक फोम मारतो, एक चाकं आणि खालची बाजू घासतो, एक आतून व्हॅक्यूम करतो, शेवटचा पुसतो. टिप नेहमी शेवटच्याला मिळते कारण दार तो उघडतो. सगळ्यात घाण काम चाकांचं, ब्रेकची काळी धूळ हाताला चिकटते ती निघत नाही. सामाईक डबा आहे का विचारा, नसेल तर "सगळ्यांत वाटा" असं चौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा.

टिपकागद

आणि तो डबा संध्याकाळी कोण उघडतं, मालकच ना?

निमूट_वाचक

टोइंगवाल्याचं कुणी लिहिलंच नाही, म्हणून. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी) असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मागवा. दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ओढली तर चाकांना ताकद वाटून देणारं ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियल जाऊ शकतं. विंचने वर घेतल्यावर चारही चाकांना पट्टे लागेपर्यंत पाकीट काढू नका. विम्यातून किंवा रोडसाइड असिस्टन्समधून टोइंग असेल आणि तो रस्त्यातच जादा पैसे मागत असेल तर त्याला टिप समजू नका. हेल्पलाइनला फोन लावून पॅकेजमध्ये किती किलोमीटर आहेत ते त्याच्यासमोर विचारा, खरोखर अंतर जास्त भरत असेल तर पावती घ्या. काही न मागता रात्री खड्ड्यातून गाडी काढून देणाऱ्याला ताळेबंद यांच्या हिशेबाने तिप्पट.

चौथामजला

टिपकागद, डब्याला कुलूप आणि किल्ली धुणाऱ्यांपैकी एकाकडे, हा आठवड्याला बदलता. एवढं जिथे नसेल तिथे डब्यात टाकू नका, हातात द्या.