लांडग्याची खूण आणि बिस्मिल्ला: तुर्कस्तानात हे एकत्र कसं?

ऑफसाइड

२०२४ च्या युरो कपातला तुर्कस्तान–ऑस्ट्रिया सामना मी जागून पाहिला होता. लाइपझिगला झालेला. देमिरालने पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत गोल मारला, उत्तरार्धात आणखी एक, आणि मग दोन्ही हात वर करून बोटांची ती खूण केली. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं अंगठ्याला टेकलेली. मला वाटलं, रॉकवाल्यांचं काहीतरी असेल. मग कळलं की तो लांडगा आहे, 'करड्या लांडग्यां'चा, म्हणजे तिथल्या कट्टर राष्ट्रवाद्यांचा, आणि त्यापायी युएफाने गड्याला दोन सामने बाहेर बसवलं.

तेव्हापासून अधूनमधून त्यावर वाचतोय आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय. लांडगीपासून तुर्कांचा वंश निघाला ही कथा इस्लामच्या आधीची. पण ही खूण करणारे मोर्च्यात 'या अल्लाह, बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर' ओरडतात. माझ्या डोक्यात सरळ दोन खाने होते: राष्ट्रवादी म्हणजे आतातुर्कवाले सेक्युलर, आणि इस्लामवादी म्हणजे उम्मा, म्हणजे जगभरचा मुस्लिम समाज एक मानणारे, ज्यांना राष्ट्र वगैरे थोतांड वाटतं. मग हे लोक कुठल्या खान्यातले?

एक विनंती, आपल्याकडच्या राजकारणावर घसरू नका. तुर्कस्तानाबद्दलच सांगा.

दीडशहाणा

कुठल्याच खान्यातले नाहीत, मतांच्या खान्यातले आहेत. राष्ट्राध्यक्ष एर्दोआनना लांडगेवाल्यांच्या राष्ट्रवादी पक्षाची मतं हवी होती, त्या पक्षाला सत्तेची ऊब हवी होती. २०१८ मध्ये दोघांची रीतसर आघाडी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मर्सिनच्या सभेत एर्दोआननी स्वतः लांडग्याची खूण करून दाखवली. त्याआधी त्यांची खूण वेगळी होती, चार बोटांची राबिया. ती आली २०१३ च्या कैरोतून, इजिप्तच्या पदच्युत इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मुर्सींच्या समर्थकांकडून. म्हणजे पक्की इस्लामवादी. यांनी तिचा अर्थच बदलून टाकला: एक राष्ट्र, एक झेंडा, एक मायभूमी, एक राज्य. चार बोटं तीच, मजकूर नवा. विचारधारा वगैरे काही नसतं हो, सगळा बाजार आहे.

बिनदुधाचा चहा

दीडशहाणा, राबियाचं उदाहरण झकास आहे. पण बाजार म्हणून सोडून दिलंत तर माल कुठून आला हे राहूनच जातं. हा माल एर्दोआनच्या कितीतरी आधीचा आहे.

मी २०१४ ते २०१८ अंकाऱ्यात राहिले, नवऱ्याच्या नोकरीमुळे. केचिओरेन भागात, दुसऱ्या मजल्यावर. वर घरमालक, निवृत्त, सत्तरीचे. मी त्यांना आम्जा म्हणायचे, म्हणजे काका. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एका ओळीत तीन फ्रेमा होत्या: सोनेरी अक्षरातली आयतुल कुर्सी, म्हणजे कुराणातली एक आयत, मध्ये आतातुर्क आणि उजवीकडे अल्परस्लान तुर्केश, त्या राष्ट्रवादी पक्षाचे नेते. बोटात चांदीची अंगठी, तिच्यावर तीन चंद्रकोरी. पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मी तुमच्यासारखीच चक्रावले होते. भाषा थोडी यायला लागल्यावर धीर करून विचारलं. त्यांनी उत्तरादाखल एक म्हण ऐकवली, जी पुढे मी तिथे पन्नास वेळा ऐकली असेन: 'तान्री पर्वताइतका तुर्क, हिरा पर्वताइतका मुसलमान.' तान्री म्हणजे मध्य आशियातला तिएनशान, तुर्कांचं मूळ घर. हिरा म्हणजे मक्केजवळचा, जिथे पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाला तो. दोन पर्वतांमध्ये हजारो किलोमीटर अंतर, पण आम्जांच्या घरात दोन फ्रेमांमधलं अंतर वीतभर.

आता हे जुळलं कधी? तुर्केश मूळचे सायप्रसचे, लष्करात कर्नल. २७ मे १९६० च्या लष्करी उठावाची घोषणा रेडिओवर त्यांच्याच आवाजात झाली होती. तेव्हाचा त्यांचा राष्ट्रवाद धर्माला फार चिकटलेला नव्हता. पण पुढे पक्ष चालवायचा तर अनातोलियाच्या गावांत जायला हवं, आणि तिथे लांडगीची कथा सांगून कोण मत देणार? १९६९ च्या अदाना अधिवेशनात पक्षाचं नाव बदलून 'राष्ट्रीय चळवळ पक्ष' झालं आणि झेंड्यावर उस्मानी (ऑटोमन) वळणाच्या तीन चंद्रकोरी आल्या. लांडगा गेला तरुणांच्या संघटनेकडे. जुने कट्टर तुर्कवादी, ज्यांना इस्लाम म्हणजे अरबांची आयात वाटायची, ते भडकले. त्यांचा म्होरक्या निहाल अत्सिझ. तो गट तुटलाच. म्हणजे दीडशहाणा, तुमचा बाजार इथेही आहेच. मी नाही म्हणत नाही.

पण पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, इस्तंबूलला काही प्राध्यापकांनी एक मंडळ काढलं. 'आयदिनलार ओजाऊ', शब्दशः 'विचारवंतांची चूल'. ओजाक म्हणजे चूल. या चळवळीच्या सगळ्या संस्था चुलीच असतात, तरुणांच्यासुद्धा. मंडळाचे पहिले अध्यक्ष इब्राहिम काफेसओलू, इतिहासाचे मोठे अभ्यासक. त्यांनी याला शास्त्राचा साज चढवला आणि नाव दिलं 'तुर्क-इस्लाम संश्लेषण'. मांडणी थोडक्यात अशी: स्टेपमधले, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतले तुर्क आधीपासून एकाच आकाशदेवाला मानत होते, त्यांच्यात कुटुंब, न्याय, शौर्य यांना मान होता, त्यामुळे इस्लाम त्यांना शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा बसला. आणि तुर्कांनी पुढे तलवार धरली म्हणून इस्लाम टिकला. दोघं एकमेकांचे उपकारकर्ते. ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून किती खरं ते अभ्यासकांना विचारा; मला ती लग्न जमवताना दोन्हीकडच्यांना सांगायची कहाणी वाटते.

खरी गंमत १९८० ची. १२ सप्टेंबरला जनरल केनान एव्रेननी उठाव केला, तुर्केशना आत टाकलं, साडेचार वर्षं. पक्षावर बंदी. आणि मग त्याच जनरलांनी, आतातुर्कच्या नावाने शपथा घेत, त्याच पक्षाच्या बगलेतला विचार उचलून राज्याचा केला! डाव्यांना रोखायला धर्माची चिमूट हवी होती. एव्रेन भाषणांत कुराणातले दाखले द्यायचे. १९८२ ची राज्यघटना, कलम २४: शाळेत 'धार्मिक संस्कृती आणि नीतिशास्त्र' सक्तीचं. तुरुंगातले राष्ट्रवादी कडवट हसून म्हणायचे, आमचे विचार सत्तेवर आणि आम्ही कोठडीत.

हे कलम २४ मी अगदी जवळून पाहिलं. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब अलेवी, म्हणजे सुन्नींहून वेगळ्या पंथाचं. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, कधीकधी माझ्याकडे इंग्रजीला बसायचा. एकदा वहीतून एक कागद खाली पडला. नमाजाच्या क्रमाची चित्रं, उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं, आणि प्रत्येक चित्राखाली रिकामी चौकट, नाव भरायला. त्याने सगळी बरोबर भरली होती. घरी मात्र हे लोक मशिदीत जात नाहीत, जेमएवीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात जातात, तिथे साझ हे तंतुवाद्य वाजतं आणि बायका-पुरुष एकत्र बसतात. मी विचारलं, हे घरी करता? तो म्हणाला, 'नाही, हे परीक्षेसाठी.' युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये याच तासांवरून एका अलेवी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला होता. कागद मात्र दशकभराने माझ्या टेबलावर पडला होताच.

ऑफसाइड

बापरे, एवढं तपशिलात! आभार. पण मग माझा पहिला खाना तरी शाबूत आहे ना? म्हणजे आतातुर्कचा राष्ट्रवाद तरी निखळ सेक्युलर होता? खिलाफत त्यांनीच १९२४ मध्ये मोडली.

शब्दांचा भंगारवाला

मध्येच तोंड घालतो. खाना शाबूत नाही, कारण शब्दच शाबूत नाही. तुर्कीत राष्ट्राला 'मिल्लेत' म्हणतात. उस्मानी काळात मिल्लेत म्हणजे धर्मसमूह: ग्रीक ऑर्थोडॉक्स मिल्लेत, आर्मेनियन मिल्लेत, यहुदी मिल्लेत. त्याच शब्दाला नंतर 'नेशन'चा अर्थ चिकटवला, जुना पुसला गेलाच नाही. याचा सगळ्यात हुशार फायदा घेतला इस्लामवादी नेते नेजमेत्तिन एर्बाकाननी. धर्माच्या नावाने पक्ष काढायला कायद्याने बंदी, म्हणून यांच्या चळवळीचं नाव 'मिल्ली गोरुश', राष्ट्रीय दृष्टी. ऐकणाऱ्याला हवा तो अर्थ घ्या. सरकारी वकिलाला राष्ट्र ऐकू येतं, मशिदीतल्या माणसाला उम्मा. अर्थात वकील इतके बहिरे नव्हते, पक्ष एकापाठोपाठ एक बंद पडत गेले. एर्दोआन याच शाळेतले.

बिनदुधाचा चहा

भंगारवाले, हेच म्हणणार होते! त्यात एक जोडते. १९२३ मध्ये लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल ठरवली. माणूस तुर्क की ग्रीक हे ठरवायची कसोटी काय लावली? भाषा नाही, धर्म. अनातोलियातले करामानली लोक तुर्कीच बोलायचे, बायबलसुद्धा तुर्कीतच वाचायचे, फक्त ग्रीक लिपीत. ते ख्रिस्ती, म्हणून ग्रीसला रवाना. क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलायचे, ते तुर्क ठरून इकडे आले. हे करणारं सरकार कोणाचं? ज्यांनी पुढच्याच वर्षी खिलाफत मोडली त्यांचंच. म्हणून मी म्हणते, काफेसओलूंनी नवीन काही शिजवलं नाही. तुर्क म्हणजे मुसलमान हे भांड्यात आधीपासून होतं, यांनी फक्त झाकण काढलं.

राष्ट्रगीत घ्या ना. १९२१ चं, मेहमेत आकिफ एर्सोय यांचं. हा माणूस धर्मनिष्ठ, वडील अल्बेनियन. गीतात चंद्रकोरीची आळवणी आहे, अजानसुद्धा आहे. ज्या प्रजासत्ताकाचं हे गीत, त्याने १९३२ पासून अजान अरबीतून द्यायची नाही, तुर्कीतूनच द्यायची असा दंडक घातला: 'अल्लाहू अकबर'च्या जागी 'तान्री उलुदुर', म्हणजे 'देव थोर आहे'. १९५० मध्ये सत्ता बदलल्यावर तो उठला. आणि तुर्की अजानचं स्वप्न आपल्या कवितेत रंगवणारे कोण, तर झिया गोकाल्प, तुर्की राष्ट्रवादाचे जनक. याच गोकाल्पच्या नावावरची मिनार म्हणजे संगिनी अशा अर्थाची कविता १९९७ मध्ये सीर्तच्या सभेत म्हटली म्हणून एर्दोआन तुरुंगात गेले होते. चार महिने. या देशात कोणती ओळ कोणाला कुठे नेईल, काही सांगता येत नाही.

दीडशहाणा

माझं म्हणणं तरी कुठे वेगळं आहे? बरं, तुमच्या या संश्लेषणात कुर्द कुठे बसतात? तेही बहुतेक सुन्नी मुसलमानच.

बिनदुधाचा चहा

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. हा प्रश्न मी आम्जांनाच विचारला होता. म्हणाले, कुर्द आमचे भाऊ, एक किबला (नमाजाची दिशा), एक कुराण. मी म्हटलं, मग १९८३ मध्ये त्यांच्या भाषेवर कायद्याने बंदी का घातली? १९९१ पर्यंत होती ती. ते म्हणाले, 'भाऊ आहेत, पण धाकटे.' त्यांना यात काही खटकलं नाही, साखर ढवळत राहिले. भावकी सांगायला इस्लाम आणि धाकटं ठेवायला राष्ट्र, असा तो हिशेब मला दिसला. कुर्दांनी तो कधीच ओळखला होता.

तरी फक्त गणित म्हणून या माणसांकडे पाहायला मी तयार नाही, कारण १५ जुलै २०१६ ची रात्र, लष्करातल्या एका गटाने उठावाचा प्रयत्न केला ती. विमानं इतकी खालून जात होती की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मग एकेका मिनारातून सला सुरू झाली, एरवी मयताच्या वेळी ऐकू येते ती, आणि लोकांना रस्त्यावर या अशी हाक. मी जिन्यात उभी होते. आम्जा खाली उतरले, केस अजून वुजूच्या, नमाजाआधी धुण्याच्या, पाण्याने ओले, खांद्यावर लाल झेंडा. मी म्हटलं, जाऊ नका, गोळीबार चाललाय. त्यांना एर्दोआन मुळीच आवडत नसत, आयुष्यभर त्यांनी मत तुर्केशच्याच पक्षाला दिलेलं. तरी निघाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले, वर बघून बायकोला हाक मारली, रक्तदाबाची गोळी टाक म्हणून. तिने रुमालात बांधून जिन्यातून खाली टाकली.

ऑफसाइड

परत आले ना?

बिनदुधाचा चहा

आले, पहाटे. झेंडा दुसऱ्या दिवशी गॅलरीत वाळत घातला होता.