पाचवा महिना, बाबा आजारी, मन थाऱ्यावरच नाही. कोणाला असं झालंय का?

मोगरा२२:
नमस्कार, इथे नेहमी वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. बाविसावा आठवडा चालू आहे, पुण्यात असते, जॉब चालू आहे. याआधी नवव्या आठवड्यात एक मिसकॅरेज झालंय त्यामुळे यावेळी बाथरूमला गेले की आधी डाग दिसतोय का ते बघते, दर वेळी, ॲनोमली स्कॅन (बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी) नॉर्मल आला, मॅडम म्हणाल्या सगळं छान आहे तरी सुटत नाही. त्यात गेल्या महिन्यात साताऱ्याला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, त्यांचं बोलणं आम्हाला कळत नाही, व्हिडिओ कॉलवर मला हाक मारायला जातात आणि नावच येत नाही तोंडात, मग रडायला लागतात. आई एकटी करतेय, भाऊ दुबईला. सासूबाई म्हणतात या दिवसांत आजारपण बघू नये, त्या वाईट नाहीत हो, काळजीनेच म्हणतात. रात्री अडीचच्या आसपास जाग येते ती येतेच, मग बाळ हलतंय का बघत पडून राहायचं. जेवण जात नाही. डोहाळजेवणाचं ठरवतायत, साड्यांचे फोटो येतायत आणि मला काहीच वाटत नाहीये, याचीच जास्त भीती वाटते. रडले की सगळे म्हणतात रडू नको बाळावर परिणाम होतो, म्हणून आता बेसिनचा नळ सोडून रडते. खरंच होतो का परिणाम? घरी ठोके ऐकायचं डॉपलर मशीन मागवू का? आणि कोणाला दाखवायचं, का सगळ्यांचं असंच असतं?

शेवंती:
अगं नळ सोडून रडते हे वाचलं आणि पोटात तुटलं. माझ्या दुसऱ्या वेळेला आईची केमो चालू होती, कोल्हापूरला जाऊन-येऊन करायचे आणि जो भेटेल तो आनंदी राहा म्हणायचा, म्हणजे दुःख तर आहेच वर ते दिसू द्यायचं नाही हे दुसरं काम. तू रडतेस म्हणून बाळाला काही होणार नाहीये, बाप आजारी आहे तर रडणारच ना माणूस. पण झोप नाही जेवण नाही आणि कशातच काही वाटत नाही हे "सगळ्यांचंच असतं" मध्ये टाकू नको प्लीज. तुझ्या गायनॅकला हे असंच्या असं सांग, बाथरूमचं पण सांग. माझ्या मॅडमनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ बघितलं कारण त्यानेही माणूस असं गळून जातं, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला सर्ट्रालिनची, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी चालू केली होती, प्रेग्नन्सीत बऱ्याच जणींना देतात ती. घरात विरोध झालाच, गोळ्या कशाला म्हणून, नवऱ्याला सोबत घेऊन गेले आणि डॉक्टरांनीच त्याला समजावलं.

वसुधा_समुपदेशक:
मोगरा, मी गरोदर आणि बाळंत बायकांसोबतच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. परिणामाचं म्हणशील तर अधूनमधून रडण्याने, टेन्शनने बाळाचं नुकसान होत नाही. डिप्रेशन बरेच महिने तसंच अंगावर काढलं तर लवकर डिलिव्हरी, कमी वजन याचा धोका थोडा वाढतो, पण ते उपचार घ्यायचं कारण आहे, स्वतःला बोल लावायचं नाही. आणि उपचार होतात गं, चांगले होतात.

एडिंबरा स्केल म्हणून एक प्रश्नावली आहे, १९८७ साली बाळंतिणींसाठी केलेली, आता गरोदरपणातही वापरतात. १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, ३० पैकी गुण. साधारण १३ किंवा जास्त आले की नीट तपासणी करायचीच, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, त्याला "हो" असेल तर बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तसे विचार येत असतील, किंवा रात्री अडीचला नुसतं बोलायचं असेल तरी १४४१६ लाव, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

डॉपलर अजिबात नको. आपल्याच नाडीचे ठोके बाळाचे समजून बायका निर्धास्त राहतात किंवा सापडले नाहीत की रात्रभर घाबरून बसतात, दोन्ही वाईट. बाविसाव्या आठवड्यात हालचाल अनियमितच असते, पुढे अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास तिचा एक पॅटर्न बसतो, तेव्हा मात्र कमी वाटली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

अजून एक सांगावंसं वाटतं. गोव्यात संगाथ संस्थेने डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांकडे त्याच भागातल्या साध्या बायका शिकवून पाठवल्या होत्या, सखी म्हणायचे त्यांना. या सखी डिग्रीवाल्या नव्हत्या, घरी जाऊन बोलायच्या, आज एवढं एकच काम कर असं ठरवायच्या, सासू-नवऱ्याला सामील करून घ्यायच्या. २८० बायकांचा अभ्यास होता, २०१९ ला छापून आला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखी मिळालेल्यांत बऱ्या झालेल्या जास्त निघाल्या. फार मोठा फरक नव्हता पण होता. म्हणून सांगते, एक जण ठरव, मैत्रीण, जाऊ, कोणीही, जिच्यासमोर नळ सोडावा लागणार नाही.

कृष्णाकाठ:
ताई, बाकीच्यांनी सांगितलंच आहे, मी बाबांबद्दल लिहितो कारण आमच्या आबांचं हेच झालं होतं. उजवी बाजू गेली की बऱ्याचदा बोलणंही जातं, कारण ही दोन्ही कामं मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात. तुमचं नाव तोंडात येत नाही म्हणजे तुम्हाला विसरले असं नाही, ओळखतात म्हणूनच रडतात. कॉलवर त्यांना हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, "चहा झाला का" असं, आणि उत्तराला वेळ द्या, घाईने शब्द पुरवू नका. स्पीच थेरपिस्टचं नाव न्यूरोच्या डॉक्टरांकडून घ्या, फिजिओ आणि हे दोन्ही पहिल्या काही महिन्यांत जेवढं होईल तेवढं करायचं. भावाला स्पष्ट सांगा की दिवसपाळीचा अटेंडंट आणि फिजिओचा खर्च तुझा, दुबईहून एवढं तर करता येतं. आईला पण माणूस मिळेल. हे तुमच्या मिस्टरांनी भावाशी बोलावं, तुम्ही नको.

ईश्वरी:
गर्भसंस्काराच्या सीडी लाव, ओंकार म्हण, मला खूप शांत वाटायचं, निगेटिव्ह विचार आणूच नको गं.

शेवंती:
ईश्वरी, ओंकार जरूर म्हणावा, मीही म्हणायचे, पण विचार आणू नको म्हटल्याने थांबत असते तर तिने इथे लिहिलंच नसतं. ते डॉक्टरांच्या जोडीने करू दे तिला.

मोगरा२२:
सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला हा धागाच वाचायला दिला, त्याला नळाचं माहीतच नव्हतं. गायनॅक मॅडमना फोन केला, त्यांनी रक्त तपासायला सांगितलंय आणि ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतलीये. तो भावाशी आज रात्री बोलणार आहे. बाबांना हो-नाहीवालं विचारून बघितलं, मान हलवली त्यांनी. वसुधाताई, शनिवारी सासूबाई पण येते म्हणतायत, आणू का सोबत?

वसुधा_समुपदेशक:
आण की. फक्त आधी तू एकटी आत जा, तुझं सगळं बोलून झालं की मग त्यांना बोलवायला सांग. आणि गोळ्या लिहून दिल्याच तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांच्यासमोरच डॉक्टरांकडून वदवून घे.