डोंबिवली सोडून दोन मुलांसह कुठे जावं? नाशिक, सातारा की मिरज?

पूर्वेची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथलं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ.

मी ३६ वर्षांची, राहणार डोंबिवली पूर्व. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलंय, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हातात २१ हजार येतात. मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. मुलगा मोठ्या गटात, जूनमध्ये पहिलीला जाईल. गेल्या वर्षी गणपतीनंतर मी आणि मुलं नवऱ्यापासून वेगळे राहायला लागलो. मारझोड, दारू असं काही नाही. आमचं दोघांचं जमत नाही आणि ते आम्ही दोघांनी मान्य केलंय. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कल्याणला दाखल होईल. मुलांसाठी ते महिना १० हजार देणार आहेत. माणूस शब्दाला पक्का आहे, मुलांवर जीव आहे, आणि मुलांचाही त्यांच्यावर.

अडचण अशी की सध्याच्या वन बीएचकेचं भाडं साडेचौदा हजार, वर मेंटेनन्स. मुलाला पाळणाघरात ठेवते त्याचे साडेतीन हजार. रिक्षा, क्लास, किराणा धरला की महिन्याच्या वीस तारखेनंतर मी नुसती आकडेमोड करत असते. हे वर्षानुवर्षं चालणार नाही. म्हणून जूनच्या आत गाव बदलायचं ठरवलंय.

तीन नावं डोक्यात आहेत. नाशिक, कारण कल्याणहून जवळ आणि मुलांना वडिलांना भेटता येईल. सातारा, कारण आई आणि भाऊ खटाव तालुक्यात आहेत, तासा-दीड तासावर. मिरज, कारण तिथे दवाखाने भरपूर, मला काम लगेच मिळेल असं सगळे म्हणतात. भाडी तिन्हीकडे इथल्या निम्म्याच्या आसपास ऐकतेय, पण पगारही कमी सांगतात, १५-१६ हजार.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, आधी काय बघायचं? "मुलांसाठी जुळवून घ्या" हा सल्ला कृपया नको. तो विचार करून झालाय.

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीचा. मिरजेत तुम्हाला काम मिळेल याबद्दल शंका नको. सिव्हिल हॉस्पिटल, शिवाय गल्लोगल्ली खासगी दवाखाने, कर्नाटकातून पेशंट येतात. लॅबवाल्यांना अनुभवी माणूस कायम हवा असतो. रात्रपाळी मात्र आधीच स्पष्ट विचारून घ्या, तुमच्यासोबत लहान मूल आहे.

घर बघताना भाड्याआधी एकच प्रश्न विचारा: २०१९ ला इथे पुराचं पाणी आलं होतं का? आणि तो घरमालकाला नाही, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. नदीकाठच्या भागात घरं स्वस्त मिळतात ती यासाठीच. सांगली-मिरजेच्या मधल्या विश्रामबागेकडे थोडं जास्त भाडं पडेल, पण ऑगस्टमध्ये निवांत झोपाल.

मुलांच्या वडिलांसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. कल्याणला रात्री बसलं की सकाळी मिरज. पण दर पंधरवड्याला रात्रभराचा प्रवास मुलांना झेपेल का, ते तुम्हीच ठरवा.

जेलरोड_नाशिक

पूर्वेची आई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. मी ठाण्याहून नाशिकरोडला आले तेव्हा माझा मुलगा पहिलीत होता आणि मुलगी चौथीत. आता मुलगी अकरावीला आहे. त्यामुळे जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

भाडं सगळ्यात शेवटी बघा. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी पोचेपर्यंत मुलं कोणाजवळ असतील, हे सगळ्यात आधी. पहिलीचं पोर बाराला नाहीतर पाचला सुटतं. लॅबमधून तुम्ही सातला निघाल. मधले तास ज्या गावात नीट सुटतात ते गाव तुमचं, मग तिथे भाडं दीड हजार जास्त का असेना. सहा हजारांचं घर घेऊन साडेतीन हजार पाळणाघर आणि दोन हजार रिक्षाला घालण्यापेक्षा शाळा, घर आणि काम एका चालण्याच्या अंतरात असलेलं आठ हजारांचं घर स्वस्त पडतं. मी शहर नाही निवडलं, एक गल्ली निवडली. शाळा घरापासून सात मिनिटांवर, खालच्या मजल्यावर एक निवृत्त प्रेसवाल्या काकू (इथे नोटांचा छापखाना आहे, अर्धं नाशिकरोड त्यावर उभं आहे). त्या काकूंनी माझी मुलं मोठी केली असं मी सगळ्यांना सांगते. त्यांना मी महिन्याला पैसे देत होते, उपकार म्हणून नाही. पैसे द्याच. नातं टिकतं आणि तुम्हाला हक्काने सांगता येतं.

नाशिकला यायचं ठरलं तर कॉलेज रोड, गंगापूर रोड बघू नका. नाशिकरोड, जेलरोड, उपनगर बघा. स्टेशन मूळ शहरापासून लांब आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. तुमच्या मुलांना कल्याणला जायचंय, तेव्हा स्टेशनजवळ राहण्यातच शहाणपण. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून निघते, साधारण अडीच तासांत कल्याण. संध्याकाळी तीच गाडी परत. शनिवारी वडील इकडे येऊन मुलांना घेऊन गेले आणि रविवारी रात्री सोडून गेले, असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं. साताऱ्याहून किंवा मिरजेहून हे महिन्यातून एकदा होईल, पुढे दोन महिन्यांतून एकदा. मुलांचा वडिलांवर जीव आहे हे तुम्ही स्वतः लिहिलंय, तर ते वजन तराजूत नीट टाका.

घर शोधताना "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न येणारच. मला एजंटने सांगितलं होतं, दुबईला आहेत म्हणा. मी म्हटलं नाही. मुलांना ते खोटं रोज जगावं लागलं असतं. सरळ सांगायचं: मी आणि दोन मुलं राहणार, मी नोकरी करते, ही पगाराची स्लिप. तीन-चार ठिकाणी नकार आला. मग एका शाळेतल्या बाईंचा फ्लॅट मिळाला, त्यांनी दुसरा प्रश्नही विचारला नाही. भाडेकरार नोंदणीकृतच करा. नोटरीवर भागवू असं मालक म्हणतील. कायद्याने नोंदणी करून देणं मालकाचं काम आहे, आणि शाळाप्रवेशापासून गॅसपर्यंत तोच कागद लागतो.

कागदांचं आणखी. निघण्याआधी रेशनकार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तो मागून आणायला गेलात तर रजा वाया जाते. संमतीच्या अर्जात ताबा, भेटीचे दिवस, सुट्ट्यांची वाटणी आणि पोटगी याबरोबर "मुलं आईसोबत अमुक शहरात राहतील, वडिलांची याला संमती आहे" हे वाक्य वकिलांकडून घालून घ्या. आज ते शब्दाला पक्के आहेत, चांगलंच आहे. उद्या दोघांपैकी कोणाचं दुसरं लग्न झालं, आजी-आजोबा मध्ये पडले, तर हा कागद दोघांनाही वाचवतो. पोटगी पुढे थांबलीच तर अर्ज तुम्ही राहता त्या गावच्या कोर्टात करता येतो, कल्याणला खेटे घालावे लागत नाहीत. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मी घेतला होता, आणि चांगला मिळाला होता.

थंडी सोसते का मुलांना? इथे डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरते. डोंबिवलीच्या पोरांकडे स्वेटरच नसतात.

दुसरा_शनिवार

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझी मुलगी तिच्या आईबरोबर कोल्हापूरला असते, मी ठाण्यात. राग नाही. तिला तिथे चांगली शाळा मिळाली, आजोळ मिळालं. पण प्रवासाने भेटी कमी होतात हे खरं आहे, आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. सुरुवातीला मी दर पंधरा दिवसांनी जायचो. नंतर ऑफिस, तिचे क्लास, तिची गॅदरिंग, आणि आता आम्ही मोठ्या सुट्टीत भेटतो.

म्हणून एक विनंती. गाव ठरवायच्या आधी मुलांच्या वडिलांना बरोबर घेऊन तो प्रवास एकदा करा. चौघांनी मिळून नको असेल तर ते एकटे करू देत. त्यांना स्वतःला कळू दे की दर शनिवारी हे होणार आहे की नाही. आणि रोजचा फोन ठरलेल्या वेळी असू द्या. माझी मुलगी रात्री साडेआठला फोन करते. तो फोन मी मीटिंगमध्येही घेतो.

अनुदानित_बाई

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. शाळेपुरतं लिहिते.

मुलगी आठवीत जाईल, तेव्हा तिला अनुदानित शाळेतच घाला, गाव कुठलंही असो. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट मुलीच्या खात्यात. सातवीत ५५ टक्के हवेत, म्हणजे या वर्षीचा निकाल महत्त्वाचा. गाव बदलायच्या धावपळीत तिच्या वार्षिक परीक्षेकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलंत तर ही संधी जाते, आणि हे पालकांना फार उशिरा कळतं.

मुलासाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातला खासगी शाळांमधल्या मोफत प्रवेशाचा २५ टक्के कोटा अनेक जण सुचवतील. खुल्या गटात उत्पन्नाची मर्यादा एक लाख आहे, तुमचा पगार त्यापुढे जातो. त्यामागे वेळ घालवू नका. बालसंगोपन योजनेची चौकशी मात्र नव्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जरूर करा. विभक्त पालकांच्या मुलांचाही त्यात विचार होतो, एका मुलामागे महिना २२५० रुपये आहेत.

दाखल्यामुळे अडवलं तर घाबरू नका. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. तरी दोन्ही मुलांचे आधार, जन्मदाखला आणि मुलीची गुणपत्रकं एका फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवा.

माहेराबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी. साताऱ्यात राहून आई जवळ असणं वेगळं आणि गावच्या घरात जाऊन राहणं वेगळं. पहिलं करा. आईला महिना-महिना तुमच्याकडे आणा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, त्या येत-जात राहतील. गावी भावाच्या घरात राहिलात तर भाडं वाचेल, पण मुलीला रोज कोणीतरी "बाबा कधी येणार?" विचारेल.

पूर्वेची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मुलीबरोबर बसून वाचलं. ती तेरा वर्षांची होईल, तिला बाजूला ठेवून ठरवणं मला पटत नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, पंचवटीत खिडकीची जागा मिळते का.

मिरज सोडून दिलं. काम मिळालं असतं, पण रात्रपाळी आणि रात्रभराचा प्रवास दोन्ही आम्हाला नको. आता नाशिकरोड किंवा सातारा. साताऱ्यात आई आहे, नाशकात गाडी आहे. मुलांच्या वडिलांशी आज फोनवर बोलले. ते येत्या शनिवारी एकटे नाशिकला जाऊन येणार आहेत, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला. संमतीच्या अर्जातल्या वाक्यालाही हो म्हणाले. आईला विचारलं, नाशिकला येऊन राहशील का. ती म्हणाली, पेरणी झाली की येते. तिच्या तोंडून हे इतक्या पटकन येईल असं वाटलं नव्हतं.

जेलरोड ताई, मला तुमच्या भागातल्या दोन-तीन लॅबमध्ये भेटून यायचंय. मुलाखतीला कोणत्या दिवशी यावं? आणि मुलासाठी शाळा बघायची ती त्याच दिवशी होईल का?

जेलरोड_नाशिक

शनिवारी या, शाळा सकाळची असते. शाळा अकराच्या आत बघा, लॅबवाले दुपारी मोकळे असतात, सकाळी सॅम्पलची गर्दी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. बिटको पॉइंटपासून चालत फिरता येईल असंच सगळं बघू. मुलांनाही आणा, ज्या रस्त्याने रोज शाळेत जायचंय तो त्यांनाच चालून बघू दे. जेवायला माझ्याकडे या. निरोपात नंबर पाठवते.