‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्नकर्ता (सोलापूर): अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांची साइट नव्या सर्व्हरवर हलवायलोय, त्यांना एनएसलुकअपचा (डोमेनचा पत्ता विचारायची कमांड) स्क्रीनशॉट टाकला तर त्यांनी त्यातली ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर’ ही ओळ मोबाइलवर भाषांतर करून बघितली आणि लगेच फोन, "अनधिकृत उत्तर म्हणजे काय ओ? आपलं डोमेन कुणी ढापलं का?" अनधिकृत बांधकाम, अनधिकृत फलक हेच रोज ऐकणारा माणूस, घाबरणारच की. बरा शब्द सुचवा.

चादरगल्ली: अनधिकृत तर नकोच. उत्तर बरोबरच असतं, फक्त ज्या नेमसर्व्हरकडं डोमेनच्या मूळ नोंदी आहेत त्याच्याकडून थेट आलेलं नसतं, मधल्या रिझॉल्व्हरनं (आपल्या वतीनं पत्ता विचारून आणणारा सर्व्हर) दिलेलं असतं. मी ‘साठवलेलं उत्तर’ म्हणतो.

काळी खिडकी: साठवलेलं पण पूर्ण बसत नाही ओ. रिझॉल्व्हरनं आत्ता ताजं विचारून आणलं तरी शिक्का तोच.

चादरगल्ली: मग ‘ऐकीव’?

काळी खिडकी: ऐकीव म्हटलं की पार चावडीवरची बातमी वाटते, गिऱ्हाईक परत फोन करणार. ‘मध्यस्थाचं उत्तर’ म्हणा, लांबलंय पण खोटं नाही. आणि त्यांना फरक दाखवायचा तर डिग ही तसलीच दुसरी कमांड वापरा, आधी ‘एनएस’ (नेमसर्व्हरची) नोंद विचारून नेमसर्व्हर काढायचा, मग @ लावून थेट त्यालाच विचारायचं, फ्लॅगमध्ये ‘एए’ (ऑथोरिटेटिव्ह आन्सर) दिसलं की ते मूळ उत्तर. अजून एक गंमत, मूळ सर्व्हरला कितीदा विचारा टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) पूर्णच दाखवतो, समजा ३६००, पण मध्यस्थाकडं साठवलेला आकडा सेकंदासेकंदाला उतरत जातो.

जुना सिसअॅडमिन: पत्ता बदलल्यावर तो सगळीकडं दिसायला वेळ लागतो त्या ‘प्रोपगेशन’ला लोक ‘प्रसार’ म्हणायलेत ते मला जास्त खटकतं. नवा पत्ता कुठं पसरत वगैरे जात नाही, ज्याच्या त्याच्या कॅशमधलं (तात्पुरत्या साठ्यातलं) जुनं उत्तर मुदत संपली की गळतं एवढंच. म्हणून हलवायच्या आधीच टीटीएल ३०० वर आणायचा, तोही जुना टीटीएल जेवढा आहे तेवढा वेळ आधी, आयत्या वेळी करून उपयोग शून्य.

प्रश्नकर्ता: ‘मध्यस्थाचं उत्तर’ कळवलं. आता विचारायलेत, मध्यस्थ कमिशन किती घेतो?