प्रोपिलीन ग्लायकॉलचे ९ ड्रम: मिसळून एकच नमुना चालेल का?

हिंगणा_क्यूसी
छोटं सिरप युनिट आहे, हिंगणा एमआयडीसीत. ट्रेडरकडून सिरपमध्ये द्रावक म्हणून लागणाऱ्या प्रोपिलीन ग्लायकॉल आयपीचे (भारतीय औषधकोशाच्या दर्जाचे) २१५ किलोचे ९ ड्रम आलेत. एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) 'रूट एन प्लस वन' आहे, म्हणजे ड्रमसंख्येचं वर्गमूळ अधिक एक, इथे ४ ड्रममधून नमुना. साहेबांचं म्हणणं, नऊही ड्रममधून घ्या, पण मिसळून एकच जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) इंजेक्शन मारा. सीओए (मालाचा चाचणी दाखला) ट्रेडरच्या लेटरहेडवर आहे, डीईजी-ईजी (डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉल, दोन्ही विषारी) यांच्यासमोर नुसतं 'पास'. विशिष्ट गुरुत्व १.०३६ आलं. रिलीज करता येईल का?

जीसी_वाला
नाही भाऊ. मिसळणं तर त्या चारपेक्षाही फसवं. डीईजी आणि ईजी प्रत्येकी ०.१० टक्क्यांच्या आत हवं. समजा एकाच ड्रममध्ये ०.८ टक्के डीईजी आहे, म्हणजे मर्यादेच्या आठपट. नऊ ड्रमचं समान मिश्रण केलं की ते ०.०९ वर येतं आणि रिपोर्ट 'पास'. चारच ड्रम घेतले तर तो एक ड्रम सुटण्याची शक्यता नवात पाच. भेसळ लॉटमध्ये सारखी पसरत नाही, ती ड्रममध्ये होते. रूट एन बाकीच्या चाचण्यांना ठेवा. डीईजी-ईजी प्रत्येक ड्रमची वेगळी.

वेळेचं म्हणाल तर रन साधारण २२-२३ मिनिटांचा. नऊ नमुने, ब्लँक (नुसतं मिथेनॉल) आणि स्टँडर्डची (डीईजी-ईजीचं ठरलेलं प्रमाण असलेल्या द्रावणाची) सहा इंजेक्शनं धरली तरी एका दिवसात उरकतं. नमुना मिथेनॉलमध्ये ५० मिग्रॅ प्रति मिली, स्टँडर्ड ०.०५. ६२४ प्रकारच्या जीसी कॉलमवर ईजी मुख्य पीकच्या (प्रोपिलीन ग्लायकॉलच्या, आलेखावरच्या उंचवट्याच्या) जरा आधी येतं, डीईजी बऱ्याच नंतर. कॉलम जुना झाला की ईजी त्या मोठ्या पीकच्या पोटात जातं आणि 'आढळलं नाही' असं दिसतं. म्हणून आधी रिझोल्यूशन, म्हणजे दोन्ही पीक नीट वेगळे होतात का ते, बघा, मग नमुने लावा.

बुटीबोरी_लॅब
गुरुत्वावर तर अजिबात विसंबू नका. मर्यादा १.०३५ ते १.०३७, तीही २५ अंशांवर. डीईजीचं गुरुत्व १.११ च्या वर, तरी १ टक्का भेसळीने आकडा जेमतेम ०.०००८ ने हलतो. आणि नागपूरचा मे महिना! वॉटर बाथ न लावता ४० अंशांवर मोजलं तर चांगलं ग्लायकॉल १.०२५ च्या आसपास येतं. १० टक्क्यांहून जास्त डीईजी असलेला माल मात्र नेमका मर्यादेत बसतो. अपवर्तनांकाचंही तसंच: ईजी १.४३२, प्रोपिलीन ग्लायकॉलही १.४३२. ओळखणार कसं?

हिंगणा_क्यूसी
टीएलसीने (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, प्लेटवरच्या ठिपक्यांची स्वस्त चाचणी) आधी चाळणी लावली तर? जीसी बाहेरच्या लॅबमध्ये करावं लागतं.

जीसी_वाला
ढोबळ भेसळ पकडायला टीएलसी चांगली, प्लेटवर ०.१० टक्क्याचं स्टँडर्ड शेजारी हवंच. पण ठिपका दिसला नाही म्हणून रिलीज नको. बाहेरच्या लॅबला नऊ वेगळ्या बाटल्या पाठवा, प्रत्येकीवर ड्रम क्रमांक, आणि रिपोर्टमध्ये 'पास' नाही, आकडे मागा.

स्टोअर_ऑडिट
सीओएबद्दल कोणीच बोललं नाही. मूळ उत्पादकाचा सीओए मागा. त्यावरचा बॅच नंबर प्रत्येक ड्रमच्या लेबलशी जुळतो का, सील मूळ आहे का, की ट्रेडरने रिपॅक केलंय? रिपॅक असेल आणि मूळ बॅच सांगता येत नसेल तर नमुनाही काढू नका, परत पाठवा. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात १४ जण दगावले, तिथे औषधी ग्लिसरीनच्या जागी औद्योगिक माल आला होता. २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने विषबाधा झालेली छिंदवाड्याची मुलं आपल्या नागपुरातच उपचारांना आणली होती. त्या सिरपच्या नमुन्यात तमिळनाडूच्या सरकारी लॅबला ४८.६ टक्के डीईजी मिळालं. एवढं टीएलसीवरही दिसलं असतं, कोणी लावली असती तर.

बुटीबोरी_लॅब
आणि सिरपमध्ये ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असेल तर त्यांनाही हाच नियम. फक्त सॉर्बिटॉल याच पद्धतीने इंजेक्ट करू नका, जीसीच्या तापलेल्या लायनरमध्ये (नमुना जिथे सोडतात त्या काचनळीत) करपतं. त्याच्या मोनोग्राफमध्ये (औषधकोशातल्या नोंदीत) ॲसिटोनने वेगळं करायची पद्धत आहे, ती वापरा.

हिंगणा_क्यूसी
नऊही ड्रम क्वारंटाइनमध्ये टाकले. उद्या बाटल्या जातील. रिपॅकचं ट्रेडरला विचारलंय, अजून उत्तर नाही.