व्हीलचेअरचा ब्रेक विसरला की अख्खं प्रॅक्टिकल नापास: नियम बरोबर की अतिरेक?

सांधेजोड (मूळ धागा)

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट (पीटीए), म्हणजे फिजिओथेरपिस्टचा सहाय्यक, व्हायचं तर साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री करावी लागते. तिथल्या प्रॅक्टिकलमधल्या एका नियमावरून वाद होत असतो. पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं असेल तर परीक्षकाच्या हातातल्या यादीत पंचवीस-तीस मुद्दे असतात. त्यातल्या काहींवर सुरक्षिततेची खूण असते: पेशंटची ओळख पटवणं, दोन्ही ब्रेक, गेट बेल्ट (पेशंटला धरता यावं म्हणून त्याच्या कंबरेला बांधायचा पट्टा), पायावर किती वजन टाकायची परवानगी आहे ते पाळणं. खुणेचा एक मुद्दा सुटला की बाकी सगळं बिनचूक असलं तरी नापास.

माझ्या मते नियम बरोबर आहे. पेशंट वळून बसायला लागतो तेव्हा त्याच्या मांड्या सीटच्या कडेला लागतात आणि सगळं वजन एकदम मागे जातं. ब्रेक नसेल तर खुर्ची मागे सरकते आणि पेशंट कडेवरून खाली येतो. एकाच चाकाचा ब्रेक लावलेला असेल तर खुर्ची त्या चाकाभोवती गरकन फिरते. त्या क्षणी तुमचा गुडघा पेशंटच्या दुबळ्या गुडघ्याला टेकलेला असतो आणि दोन्ही हात बेल्टवर असतात. खुर्ची धरायला तिसरा हात नसतो.

दुसरं म्हणजे परवान्याची राष्ट्रीय परीक्षा संगणकावर असते आणि बहुपर्यायी असते. २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ६०० मिळाले की पास. तिथे हात कुणीच बघत नाही. हात बघायचे ते कॉलेजात आणि क्लिनिकल ट्रेनिंगमध्येच. मग कॉलेजनं तरी ढिलाई का करावी?

मोजपट्टी

ब्रेक महत्त्वाचा आहे, यावर वाद नाही. पण हा नियम मुलांना नेमकं काय शिकवतो ते बघा. विद्यार्थी परीक्षकाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणतो, ‘दोन्ही ब्रेक लावले, फूटरेस्ट बाजूला केले, बेल्ट घट्ट आहे.’ त्याची नजर परीक्षकाच्या पेनवर असते. पेशंटचा चेहरा पांढरा पडला तर त्याला दिसणारही नाही. शिवाय पेशंट म्हणून बसलेला असतो वर्गमित्र, धडधाकट. ‘तीन म्हटल्यावर उठायचं’ म्हटलं की तो आपणहून टुणकन उठतो. त्यामुळे पावलं गुडघ्याच्या मागे घेतली नव्हती, पेशंटला कडेपर्यंत पुढे सरकवलं नव्हतं, या चुका झाकल्या जातात. खरा पेशंट अशा वेळी अर्धा उठतो आणि धपकन परत बसतो, किंवा सगळा भार तुमच्या कंबरेवर येतो.

पाठांतराची आणखी एक गंमत. सरावात खुर्ची नेहमी पलंगाच्या त्याच बाजूला लावलेली असते. अर्धांगाच्या पेशंटला शिकवताना खुर्ची सहसा बऱ्या बाजूला हवी. केसमध्ये उजवं अंग दुबळं दिलं की निम्मे विद्यार्थी सवयीनं खुर्ची दुबळ्या बाजूला लावतात, पण ब्रेक मात्र दोन्ही लावतात. यादीप्रमाणे तो पास!

पायरीपायरीने

मोजपट्टी, तुम्ही म्हणता ते दोष परीक्षा घेण्याच्या पद्धतीतले आहेत. नियमाचा त्यात काय दोष? ब्रेक लागला की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही. अशा गोष्टीला दहापैकी सात गुण देता येत नाहीत. पेशंटला समजावून सांगण्याची भाषा, स्वतःच्या पाठीची ठेवण, हालचालीचा वेग यांना पायऱ्या आहेत, तिथे खुशाल गुण द्या.

आणि मोठ्यानं बोलण्यावर एवढा राग नको. सुरुवातीला जीभ हाताला शिस्त लावते. सराव मुरला की बोलणं आपोआप गळतं.

एक मात्र खरं, बेल्टची तपासणी नुसती ‘आहे की नाही’ अशी होते. पेशंट उभा राहिला की पोट आत जातं आणि बसलेला असताना घट्ट वाटणारा बेल्ट वर सरकून बरगड्यांपाशी येतो. म्हणून उभं केल्यावर तो पुन्हा आवळायचा. बोटं सपाट आत जातील एवढीच जागा ठेवायची. हा मुद्दा खुणेच्या यादीत यायला हवा असं मला वाटतं.

टाचेचं_हाड

माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे. खुणा चुकीच्या ठिकाणी आहेत. पीटीएचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते आधी बघा. पहिली तपासणी, निदान, उपचारांचा आराखडा आणि डिस्चार्जचा निर्णय फिजिकल थेरपिस्टचा. असिस्टंट त्या आराखड्याच्या आत उपचार देतो, त्याच्या चौकटीत व्यायाम वाढवतो किंवा कमी करतो. याचा अर्थ त्याच्या हातातला सगळ्यात मोठा निर्णय एकच: आत्ता थांबायचं का, आणि थेरपिस्टला कळवायचं का. यादीत त्याला खूण कुठे आहे?

एक उदाहरण घ्या. पलंगावर आडव्या पेशंटचं ब्लड प्रेशर १३८/८४. बसवलं, उभं केलं, एका मिनिटानं परीक्षक सांगतो, ११२/७०. वरचा आकडा २६ नं उतरला, खालचा १४ नं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० उतरला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत येतं. प्रॅक्टिकलमध्ये मात्र तो आकडा वहीत लिहितो आणि पुढची पायरी म्हणून पेशंटला वळवायला घेतो, कारण यादीत पुढे वळवणं आहे. इथे पेशंटला परत बसवायला हवं, गरज वाटली तर आडवं करायला हवं, चक्कर येते का ते विचारायला हवं, पुन्हा मोजून थेरपिस्टला आणि नर्सला सांगायला हवं. ब्रेक विसरलेला विद्यार्थी नापास आणि हा पास, हे मला पटत नाही.

पोटरीचंही तसंच. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी दिसली तर ‘स्नायू आखडलाय’ म्हणून स्ट्रेच द्यायला जाणारे असतात. रक्ताची गुठळी असू शकते. व्यायाम थांबवायचा, चोळायचं नाही, लगेच कळवायचं.

सांधेजोड

टाचेचं हाड, हे मान्य. १३८ वरून ११२ चं उदाहरण तर थेट यादीत घालावं असं आहे. पण ‘थांबणं’ खुणेचं करा म्हणजे ब्रेकची खूण काढा, असं होत नाही. दोन्ही ठेवा.

मोजपट्टी, तुमच्या मुद्द्यावर एक विचारतो. वर्गमित्राला खोटं दुबळेपण करायला लावलं तर तो नीट करेल का? बहुतेक जण नाटकी लोंबकळतात आणि परीक्षा आणखी खोटी होते.

मोजपट्टी

नाटक नकोच. दोष सामानात पेरा. विद्यार्थी आत येण्याआधी एक ब्रेक नुसता टेकवून ठेवा, पूर्ण बसवू नका. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी पलंगाच्या अशा दांड्याला अडकवा की पेशंट सरकला तर नळी ताणेल. खुर्चीची पुढची छोटी चाकं मागे वळवून ठेवा, म्हणजे पुढे झुकल्यावर तिचा तोल कमी होतो. आता ‘ब्रेक लावले’ म्हणून चालणार नाही, खुर्ची हातानं ढकलून बघावी लागेल. सापडलेल्या दोषाला गुण, न सापडलेल्या धोकादायक दोषाला तुमची खूण. मग माझा नियमाला विरोध नाही.

टाचेचं_हाड

याला पाठिंबा. त्यात एक भर: दुबळा खांदा. पेशंट घसरतोय असं वाटलं की विद्यार्थ्याचा हात आपोआप त्याच्या काखेत जातो. अर्धांगात खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नसतात. काखेतून किंवा हात धरून ओढलं तर सांधा खाली सरकून महिनोन्‌महिने दुखू शकतो. पकडायचं ते बेल्टला. काखेत हात गेला तर नापास, ही खूण ब्रेकइतकीच रास्त.

पायरीपायरीने

पुनर्परीक्षेचंही बोला. नापास झालेल्याला बऱ्याच ठिकाणी तीच केस, तीच खुर्ची, तीच बाजू देऊन पुन्हा बसवतात. त्यातून कळतं एवढंच की काल विसरलेली एक गोष्ट आज आठवली. पुढच्या वेळी बाजू बदला. पलंगाऐवजी मॅट टेबल, म्हणजे व्यायामाचं रुंद गादीचं टेबल, द्या. गुडघ्याऐवजी खुब्याचं ऑपरेशन झालेला, मागच्या बाजूनं चीर दिलेला पेशंट द्या. मग खुबा ९० अंशांपुढे वाकवायचा नाही, पाय मध्यरेषेच्या पलीकडे न्यायचा नाही, आत वळवायचा नाही, हे सांभाळून खोल सीटच्या खुर्चीतून उठवणं आलं. तिथे ‘नाक पायाच्या बोटांवर आणा’ ही नेहमीची सूचना चालत नाही, कारण पुढे झुकलं की खुबा ९० ओलांडतो. आधी सीटवर उशी घालून उंची वाढवावी लागते आणि ऑपरेशनचा पाय पुढे ठेवून उठवावं लागतं. पाठ केलेला क्रम इथे उघडा पडतो.

सांधेजोड

हे घेतलं. आता माझ्या यादीत खुणेचे मुद्दे असे: ओळख, वजनाची मर्यादा, हातानं तपासलेले ब्रेक, उभं केल्यावर पुन्हा आवळलेला बेल्ट, काखेत हात नाही, आणि आकडा उतरला की थांबणं. फूटरेस्टलाही खूण द्यावी का, यावर माझं अजून ठरत नाही. ते आडवे राहिले तर पेशंटची नडगी सोलते, पण त्यात पाय अडकून पडलेलेही असतात. तुमचं काय म्हणणं?