जुन्या वॅगनआरचे हेडलाइट मिणमिणते: काच घासून घेऊ, बल्ब बदलू की एलईडी?

मृण्मयी_बोरिवली
नमस्कार. गाडी बाबांची, २००९ ची पेट्रोल वॅगनआर. आता मीच चालवते. ठाण्याहून घोडबंदर रोडने घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. खांबांवर दिवे आहेत तिथे काही जाणवत नाही, पण गायमुखच्या वळणांवर समोरून ट्रेलर आला की पुढचे काही क्षण रस्ता नुसता अंदाजाने. डिपरवर (लो बीमवर) तर आपले दिवे लागलेत की नाहीत, अशी शंका येते.

दोन्ही काचा पिवळ्या पडल्यात, डावी जास्त. सोसायटीत गाडीची उजवी बाजू भिंतीकडे असते आणि डावीवर दुपारनंतरचं ऊन थेट येतं. डाव्या काचेच्या वरच्या कडेला पापुद्रे सुटलेत. आत ओल नाही.

शेजारचे काका म्हणतात टूथपेस्ट. स्टेशनजवळचा ॲक्सेसरीवाला म्हणतो, "एलईडी टाका मॅडम, रात्रीचा दिवस होईल." गॅरेजवाला दोन्ही काचांच्या बफिंगचे बाराशे सांगतोय. बाराशे द्यायला हरकत नाही, पण चार महिन्यांत पुन्हा पिवळं होणार असेल तर कशाला? बल्ब शेवटचे कधी बदलले ते बाबांनाही आठवत नाही.

अल्टोकर
टूथपेस्ट मी लावली होती. गणपतीत काचा चकाचक, दिवाळीला होत्या तशा. फुकटात झालं म्हणून तक्रार नाही.

वायरिंगवाले_नाना
ताई, तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. काच धुरकट हे एक, दिवा मंद हे दुसरं. गॅरेजवाला पहिलीवर बाराशे घेईल आणि दुसरी तशीच राहील.

आधी दुसरीबद्दल बोलतो, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. जुन्या गाडीत बल्बला पुरतं व्होल्टेजच पोचत नाही. स्विचचे पॉइंट झिजलेले, कपलर, म्हणजे बल्बच्या मागे बसणारं वायरीचं सॉकेट, तापून सैल, बॉडी अर्थच्या (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या) बोल्टखाली गंज. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे काम चोख करतात. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड दहा नाही, तीसेक टक्के पडतो. म्हणून बल्ब नवा टाकूनही लोक म्हणतात, "काही फरक नाही हो."

साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर बघा, चौदाच्या आसपास यायला हवं. मग बल्बच्या मागच्या कपलरमध्ये मागून प्रोब घालून डिपरची पिन आणि कॉमन पिन यांच्यात बघा. कपलर काढायचा नाही! काढून बघितलं की वायरीतून करंटच जात नाही, मग आकडा चांगलाच दिसतो. निम्मे वायरमन इथेच फसतात. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका. अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो, त्यावर गेला तर वायरिंगमध्ये गळती आहे समजा.

दिवा बंद करून बल्ब गार झाला की तोही काढून बघा. काचेला आतून काळपट झाक असेल तर जोडीने बदला, ६०/५५ वॉटचेच. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बल्बच्या भोकातून टॉर्च मारून आतला रिफ्लेक्टर बघा. चांदी उडून करडा किंवा तपकिरी झाला असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन नवी असेंब्लीच घ्यावी लागेल.

आता काच. ती काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे. वर कारखान्यात दिलेला कडक थर असतो, तो उन्हाने मरतो. डावी जास्त खराब का, हे तुम्हीच लिहिलंय. पापुद्रे सुटलेत म्हणजे उरलेला थरही पूर्ण काढावा लागेल. आजूबाजूच्या रंगावर टेप लावून ८०० च्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १०००, १५००, २०००, जमल्यास ३०००, सगळं पाणी सोडत. मध्येच काच दुधासारखी पांढरी दिसेल, घाबरायचं नाही. शेवटी कंपाउंड.

पण इथे थांबलं तर अल्टोकरांची दिवाळी होते. जुना थर तुम्ही काढलात, आता उघडं प्लास्टिक उन्हात. त्यावर यूव्हीपासून वाचवणारं क्लिअर कोट मारायलाच हवं. गॅरेजवाल्याला एकच विचारा: "बफिंगनंतर वर काय मारणार?" उत्तर "पॉलिश" असेल तर बाराशे खिशात ठेवा. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं क्लिअर कोट, मारणार असेल तर द्या. ते घरी मारू नका, त्याची वाफ फुप्फुसांना वाईट, साधा कापडी मास्क पुरत नाही. आणि पावसाच्या दिवसांत नको, दमट हवेत थर पांढरट पडू शकतो.

रात्रीचा_प्रवासी
नाना, एवढा कुटाणा कशाला? मी एच-फोर (आपल्या बल्बच्याच मापाचे) एलईडी टाकले, दूध का दूध. कोणी अडवलं नाही.

वायरिंगवाले_नाना
तुम्हाला दूध, समोरच्याला अंधार. त्या दिव्याचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी तंतोतंत बसत नाही, मग उजेड वर आणि बाजूला सांडतो. त्यात काच धुरकट असली की आणखी फाकतो. गाडीजवळचा रस्ता झगझगीत होतो, त्याने डोळे दिपतात आणि लांबचं कमीच दिसतं. भर पावसात तर पांढरा पडदाच. १००/९० चे बल्बही कोणी सुचवतील. कायद्यात बसत नाहीत आणि जुना कपलर वितळवतात.

मृण्मयी_बोरिवली
भावाकडून मीटर आणला. बॅटरीवर १४.१. उजव्या बल्बला १२.९, डाव्याला १२.२. डावा कपलर एका पिनजवळ तपकिरी झालाय आणि हलतो. बल्ब दोन्ही काळपट. रिफ्लेक्टर मात्र चकचकीत! गॅरेजवाल्याला तुमचा प्रश्न विचारला, म्हणाला, "वॅक्स मारतो ना."

वायरिंगवाले_नाना
वॅक्सवाल्याला नमस्कार करा. १४.१ चे १२.२ म्हणजे डाव्या बल्बचा चाळीसेक टक्के उजेड वायरिंगमध्येच जिरतोय, काचेपर्यंत पोचायच्या आधी.

क्रम असा ठेवा. दोन्ही बाजूंना सिरॅमिक कपलर, अर्थचे बोल्ट काढून घासून परत घट्ट, आणि रिले किट, म्हणजे बल्बचा करंट स्विचमधून न जाता फ्यूजमार्गे बॅटरीवरून थेट येईल. किट घ्यायच्या आधी वायरमनकडून एक तपासून घ्या: काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच मायनसच्या बाजूला असतो, त्यांना साधं किट चालत नाही. मग नवे बल्ब, मग पुन्हा मीटर. काच त्यानंतर, कोरड्या दिवसांत, रंगकाम करणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये.

मृण्मयी_बोरिवली
रिले किटला किती पर्यंत द्यावे?

अल्टोकर
ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टच्या दोन-तीन दुकानांत विचारा, भाव लगेच कळतो. जाताना जुना कपलर दाखवायला न्या. रविवारी जाऊ नका.

वायरिंगवाले_नाना
किटची वायर हातात घेऊन बघा. केसासारखी बारीक असेल तर स्वस्त असली तरी नको. आणि सगळं झाल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून डिपरची उंची बघून घ्या. बल्ब काढला-घातला की तो कधी वाकडा बसतो.